जिन्याखालचा डबा

४ मार्च

आजपासून गोठ्याचा कारभार माझ्या हातात आला. असं कुठेतरी लेखी असावं म्हणून ही वही.

झालं असं की गेल्या आठवड्यात ताई कुरणाच्या फाटकावरून पलीकडे उतरताना पडली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. छप्पन्नाव्या वर्षी फाटक उघडायचं सोडून त्याच्यावर चढायचं कशाला, असं मी इस्पितळात विचारलं. उघडलं असतं तर मास्तरीण बाहेर आली असती, म्हणाली. मास्तरीण ही गाय आहे. मला वाटलं, भूल अजून उतरलेली नाही.

तीन महिने अंथरूण आणि पुढे काठी. मी बस डेपोतून तीन महिन्यांची रजा घेतली. पंचवीस वर्षं मी गाड्यांची वेळापत्रकं आखतो. एकशे चाळीस गाड्या वेळेवर सोडणाऱ्या माणसाला चौदा गायी जड जाऊ नयेत. हे बोलून दाखवलं तर बायको बराच वेळ हसली. ती शहरात शाळा चालवते, त्यामुळे एकाआड एक रविवारी येणार आहे.

७ मार्च

वेळापत्रक तयार करून गोठ्याच्या दारावर लावलं. ५.४५ वैरण. ६.०० ते ७.१५ धारा. ७.३० कुरणाकडे प्रस्थान, दाराजवळची गाय प्रथम, म्हणजे गर्दी होत नाही.

प्रत्यक्षात ७.३० ला दार उघडलं आणि कुणीच हललं नाही. दाराजवळची गाय माझ्याकडे अशी बघत राहिली, जसा एखादा प्रवासी चुकीचा फलक लावलेल्या गाडीकडे बघतो. शेवटी आतल्या टोकाची मास्तरीण सावकाश उठली, सगळ्यांच्या मधून चालत बाहेर गेली, फाटकाशी उभी राहिली आणि एकेकीला आत जाताना बघत राहिली. तेरावी गेल्यावर मग स्वतः गेली. ८.१०.

नावाचा उलगडा झाला.

या गायी जुन्या जातीच्या. अंगाने लहान, भाजलेल्या विटेच्या रंगाच्या, शिंगं लांब. दूध थोडं देतात, पण असं दाट की पातेल्याला धरून राहतं. आजोबांनी पाळल्या, बाबांनी पाळल्या, आणि आता त्या ताईच्या हाती आल्यात. आजूबाजूला सगळीकडे काळ्यापांढऱ्या, बादल्या भरणाऱ्या गायी आल्यात. आमच्या जातीच्या नोंदवहीत आता सगळ्या मिळून नव्वद नावं आहेत.

९ मार्च

ताईला करमणूक हवी म्हणून तिची खाट पुढच्या खोलीत खिडकीशी लावली आहे. समोर अंगण, त्यापलीकडे गोठा आणि कुरण. तिच्याकडे दुर्बीण आहे, पक्षी बघते म्हणे. काही हवं असलं की चमच्याने काच वाजवते. आज अकरा वेळा वाजवली. एकदा पाणी हवं होतं. उरलेल्या दहा वेळा सहज काहीतरी बोलायचं होतं, बिचारीला एकटं वाटत असणार. आठव्या वेळी म्हणाली की कुरकुरी गायीचा मागचा डावा सड बघ. बघितला तर गरम, आणि दुधात गाठी. वेळेत औषध लावलं.

पक्षी बघताना हे कसं दिसलं कोण जाणे. मी आपलं गोठ्याच्या नोंदवहीत लिहिलं: ‘नियमित तपासणीत आढळले.’

१२ मार्च

आज गुरांचे डॉक्टर आले. उंच, वाकलेले, पंचावन्नच्या पुढचे, एकटे राहतात. माझ्या तरुणपणी ते इथे नुकतेच रुजू झाले होते, तेव्हापासून इथेच आहेत. गाडीतून एक कॅन काढून थेट घरात आले आणि जिन्याखाली शिरले. तिथे ॲल्युमिनियमचा एक गोल डबा आहे, दुधाच्या कॅनसारखा. मला तो अडगळीतला वाटायचा. झाकण काढलं तर पांढरी वाफ. आत द्रवरूप नायट्रोजन, आणि त्यात बुडवून ठेवलेल्या तीन बारीक नळ्या. कांड्या म्हणतात त्यांना. काडेपेटीतल्या काडीपेक्षा जरा लांब. त्यांत वळूचं गोठवलेलं वीर्य.

कशासाठी, तेही त्यांनी समजावून सांगितलं. आपला वळू, म्हणजे ‘साहेब’, कळपातल्या निम्म्याहून अधिक गायींचा बाप आहे. त्यालाच चालू ठेवला तर दोन पिढ्यांत वासरं किरकोळ आणि आजारी निघतील. जातीच्या नोंदवहीतले बाकी तीन वळू साहेबाचे सख्खे नाहीतर चुलत भाऊ. वेगळ्या रक्ताचं असं काही उरलंय ते या तीन कांड्यांत. मास्तरीण दोन वर्षांपूर्वी एका लांबच्या बंद पडलेल्या गोठ्यातून आली, तिचं यांच्यातल्या कुणाशी नातं नाही. म्हणून कांड्या तिच्यासाठी. तिला गोऱ्हा झाला तर जातीला नवा वळू मिळेल.

नायट्रोजन उडून जातो, म्हणून डॉक्टर दर तीन आठवड्यांनी येऊन डबा भरतात. किती वर्षं, असं विचारलं. चोवीस, म्हणाले.

मी हिशेब घातला. चोवीस वर्षं, दर तीन आठवड्यांनी, येऊन-जाऊन बावीस किलोमीटर. मी म्हटलं, डॉक्टर, हा डबा तुमच्या दवाखान्यात ठेवला असता तर एवढे हेलपाटे वाचले असते. डॉक्टरांना एकदम खोकला आला. आतल्या खोलीतून ताई म्हणाली, “डबा आहे तिथेच राहील.”

आजारी माणसाशी वाद नको म्हणून मी विषय सोडला. पण डेपोत अशी फेरी मी पहिल्या दिवशी बंद केली असती.

२६ मार्च

ताईला हाडाचा फोटो काढायला इस्पितळात नेलं होतं, बायको सोबत होती. मी दिवसभर एकटा. संध्याकाळी मास्तरीण विनाकारण हंबरत होती आणि सारखी कुरकुरीच्या पाठीवर चढू बघत होती. स्वतः मास्तरीण असून हे वागणं. शिस्त ढिली पडत चालली आहे, लक्ष घालायला हवं.

२७ मार्च

मोठा दिवस. सकाळी ६.४० ला ताईने काच फुटेल एवढ्या जोराने चमचा वाजवला. मास्तरीण माजावर आली होती. दुसऱ्या गायी अंगावर चढत होत्या आणि ती ढिम्म उभी होती. डॉक्टर तासाभरात आले. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. मी घड्याळवाला माणूस, ठामपणे सांगितलं: ६.४०. मग त्यांनी तिला संध्याकाळी भरवायचं, म्हणजे कांडी आत सोडायचं, ठरवलं, कारण गाय सकाळी उभी राहिली तर संध्याकाळी, आणि संध्याकाळी उभी राहिली तर सकाळी, असा नियम आहे. नियम असले की मला बरं वाटतं.

पहिली कांडी संपली. आता एकवीस दिवस थांबायचं. पुन्हा माजावर आली नाही तर गाभण.

१७ एप्रिल

आली.

डॉक्टर म्हणाले, कांडी जुनी आहे, असं होतं. मी मागची नोंद काढून बघावी म्हणून ही वही उघडली आणि २६ मार्चचं पान वाचलं. दोनदा वाचलं. शिस्त ढिली पडली नव्हती. ती आदल्या संध्याकाळीच माजावर आली होती आणि मी डॉक्टरांना बारा तास उशिराची वेळ सांगितली होती.

जाऊन दोघांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं. ताई म्हणाली, चहा ठेव.

पुढे जे झालं ते लिहायची इच्छा नाही, पण लिहितो. संध्याकाळी दुसरी कांडी. डॉक्टरांनी ती कोमट पाण्यात धरली, लांब नळीच्या पिचकारीत भरली, आणि हातमोजा चढवताना मला म्हणाले, एवढं क्षणभर धरा. मी धरलं. तेवढ्यात मास्तरणीने मागे सरकून माझ्या पायावर पाय दिला. मी ओरडलो नाही, हे माझ्या बाजूने नोंदवतो. पण पिचकारी सुटली, शेणात पडली, आणि मास्तरणीने पाय उचलून नेमका तिच्यावर ठेवला.

कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी माझी बोटं तपासली आणि हातमोजा काढून खिशात घातला. खिडकीत ताईने दुर्बीण खाली ठेवली.

एक उरली.

१९ एप्रिल

अंगठा निळा. वेळापत्रक दारावरून काढलं. तसंही वासराने त्याचा खालचा भाग खाल्ला होता. धारांपासून पुढचं काहीच उरलं नव्हतं.

२३ एप्रिल

बायकोचा फोन. तिला डॉक्टर, डबा आणि चोवीस वर्षं हे सगळं सांगितलं. एवढा शिकलेला माणूस पण कामाचं नियोजन शून्य, असं म्हणालो. तिने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, डॉक्टर डबा भरायला येतील त्या दिवशी तुम्ही कुरणाच्या पार टोकाचं कुंपण तपासत जा.

सूचना चांगली आहे. त्या टोकाचं कुंपण खरंच कुजलंय. शाळेत बसून तिला कसं कळलं?

८ मे

गेले तीन दिवस मी गोठ्यात स्टूल टाकून बसलो होतो. जेवणसुद्धा तिथेच. मास्तरणीचं हंबरणं, शेपटी, कान, दूध, सगळं लिहीत होतो. तिनेही माझ्याकडे बघणं सोडून दिलं, जसं नवीन शिक्षक वर्गाच्या मागे बसून टिपणं घेतो तेव्हा मुलं सोडून देतात.

काल सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी ती उभी राहिली. ताईला सांगायला धावलो तर ती चमचा हातात घेऊन तयारच होती. दोघांनी एकाच वेळी ‘आली’ म्हटलं. मला वाटतं, इथे आल्यापासून एखाद्या गोष्टीवर आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.

आज सकाळी सहाला डॉक्टर हजर. ताईने हट्ट धरला म्हणून तिला खुर्चीसकट उचलून अंगणात आणली. पिचकारी मला दिली नाही. मला शेपटी धरायला सांगितलं, ती मी अशी धरली की नंतर बोटं सरळ होईनात. डॉक्टरांनी आजवर हजारो गायी भरवल्या असतील. आज त्यांनी कांडीवरचा क्रमांक तीनदा वाचला. वय झालं असावं.

२९ मे

आली नाही. तरी कुणी काही म्हणायचं नाही, असं ठरलं आहे. गोठ्यात आम्ही तिघंही हळू आवाजात बोलतो.

३ जून

रजा आज संपली. डेपोत फोन करून आणखी तीन महिने मागितली. ताईची काठी अजून नवी आहे आणि हंगाम गवताचा आहे, अशी कारणं दिली. साहेबांनी (डेपोच्या) लगेच हो म्हटलं. मी नसल्यामुळे किती अडतंय, असं विचारलं. ते म्हणाले, तुमच्या टेबलाच्या खणाची किल्ली कुठे आहे तेवढं सांगा.

माझ्याशिवाय खण उघडत नाही. चालायचंच.

२० जून

आज जे लिहितोय ते कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही अर्धंच माहीत आहे.

त्या कांड्या ज्याच्या, त्या वळूला मी ओळखत होतो. थोराड, कपाळावर उलट फिरलेल्या केसांचा भोवरा. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते, ताई त्यांच्याजवळ इस्पितळात, आणि मी सव्वीस वर्षांचा, नुकता डेपोत लागलेला, आठ दिवस घर बघायला आलेलो. वळू खातो फार, दावं तोडतो, मला तर शिंगावर घ्यायलाच धावला. मी गाडी बोलावली आणि त्याला विकून टाकला. कत्तलीला जाणार हे मला माहीत होतं. त्याच्यासारखा दुसरा उरलेला नाही, हे माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं मी.

ताई परत आली, रिकामं दावं बघितलं आणि आत गेली. वर्षभर माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस फोन करून विचारलं, हिवाळ्यात येणार आहेस का. त्यानंतर हा विषय आमच्यात कधी निघाला नाही.

त्याच महिन्यात, वळू जाण्याच्या जरा आधी, नव्या डॉक्टरांनी ताईच्या सांगण्यावरून या कांड्या भरून ठेवल्या होत्या. हे मला परवा डॉक्टरांकडून कळलं. या कामात नवखे होते तेव्हा ते, तीनच नीट जमल्या.

त्या तिन्हींतल्या दोन मी घालवल्या.

२४ जुलै

गाभण!

डॉक्टरांनी हात घालून तपासलं. बराच वेळ डोळे मिटून उभे होते. मग हात बाहेर काढला आणि मान हलवली. मी त्यांच्या शेजारी दोन हातांवर होतो, पण मान त्यांनी खिडकीकडे बघून हलवली. उन्हामुळे मी दिसलो नसेन.

खिडकीतून ताईने एकदाच चमचा वाजवला, हलक्या हाताने.

मी टोकाचं कुंपण तपासायला गेलो. आता त्या बाजूचं कुंपण अख्ख्या कुरणात सगळ्यांत मजबूत आहे.

११ सप्टेंबर

रजा पुन्हा वाढवली, या वेळी बिनपगारी. आता एक तांत्रिक गोष्ट नोंदवून ठेवतो. डब्यातल्या कांड्या मे महिन्यात संपल्या. तरी डॉक्टर दर तीन आठवड्यांनी येऊन डबा भरतातच. आज मी विचारलं की रिकाम्या डब्यात नायट्रोजन कशाला. त्यांनी डब्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि म्हणाले, डबा कोरडा पडला की खराब होतो.

हे मला माहीत नव्हतं. रोज काहीतरी शिकायला मिळतं.

ताई आता काठी घेऊन गोठ्यापर्यंत येते. दुर्बिणीची गरज संपली, तरी खाट खिडकीपासून हलवू देत नाही. सड तपासताना मी डाव्या हाताने करतो ते चुकीचं आहे, असं तिने आज सांगितलं. सहा महिने मी तसंच करतोय, तेव्हा का नाही सांगितलं? म्हणाली, तेव्हा तुला वेळापत्रक होतं.

३ ऑक्टोबर

विशेष काही नाही. धुकं. सगळ्या कुरणात दिसत होती ती फक्त शिंगं. मोजली, अठ्ठावीस भरली. आत आलो.

१८ नोव्हेंबर

डेपोतून पत्र. वेळापत्रकाचं काम आता संगणक करणार, मला मुदतीआधी निवृत्ती घ्यायची असेल तर घ्यावी. पत्र वाचलं तेव्हा मी कुरकुरीची धार काढत होतो, म्हणून ते दातांत धरलं. धार संपेपर्यंत विसरलो. नंतर चिखलात सापडलं.

वाईट वाटायला हवं होतं. रात्री जेवताना बायकोला फोनवर तसं म्हणालो. तिने विचारलं, मग वाटलं का? मी म्हटलं, वेळच मिळाला नाही.

१३ फेब्रुवारी

बाही अजून ओली आहे, अक्षर वाचता आलं तर बरं.

मास्तरीण दोन दिवसांनी व्यायची होती. आज सकाळी ती फाटकाशी उभी राहिली नाही. सगळ्या गायी फाटकात घुटमळल्या, कुणी मोजायलाच नाही. गोठ्यात परत गेलो तर ती कोपऱ्यात आडवी, कळा सुरू. १०.०५. डॉक्टरांना फोन लावला. ते चाळीस किलोमीटरवर दुसऱ्या गायीपाशी अडकलेले. निघतो म्हणाले, पण तासभर तरी लागेल.

१०.४० ला खूर दिसले. ताई काठी टेकत आली, वाकून बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. खुरांचे तळवे वरच्या बाजूला होते. म्हणजे मागचे पाय. वासरू उलटं येत होतं.

ताईला गुडघ्यावर बसता येत नाही. ती माझ्या पाठीशी उलट्या बादलीवर बसली आणि तिने सांगितलं तसं मी केलं. हात साबणाने धुतले, दोरी घोट्यांच्या वर बांधली, दोन्ही पायांना वेगळी. आतापर्यंत मी वेळा टिपल्या, इथून पुढच्या नाहीत.

“तिच्या कळेबरोबर ओढ,” ताई म्हणाली. “ती थांबली की तूही थांब. तिच्यापेक्षा तुला जास्त कळतं असं समजू नकोस.”

तसं करत राहिलो. किती वेळ, सांगता येणार नाही. मग कंबर बाहेर आली आणि ताईचा आवाज एकदम वेगळा झाला. आता नाळ दाबली गेली आहे, आता थांबायचं नाही, आत ते गुदमरेल. मी गोठ्याच्या उंबऱ्याला पाय लावला आणि सगळं अंग मागे टाकलं. मास्तरणीने एक असा आवाज काढला, जो मी कुठल्याच गायीचा ऐकला नव्हता, आणि वासरू, मी, दोरी, पाणी असे सगळे मिळून मागे पडलो.

ते हललं नाही. ओलं, तपकिरी, जीभ बाहेर. ताई म्हणाली, नाक साफ कर. केलं. गवताची काडी नाकपुडीत घाल. घातली. आणखी आत. घातली. कानात गार पाणी ओत, छाती चोळ, जोरात, घाबरू नकोस, मोडत नाही. मी चोळत होतो आणि काहीतरी बोलत होतो. काय ते आठवत नाही, पण ताई म्हणते मी त्याला पुन्हा पुन्हा म्हणत होतो की गाडी सुटतेय, चल, गाडी सुटतेय.

ते शिंकलं.

एकदा शिंकलं, मग डोकं झटकलं, मग सगळ्या अंगातून श्वास घेतला. मास्तरीण उठली, मला शिंगाने बाजूला सारलं आणि चाटायला लागली. मी भिंतीला टेकून बसलो. रडत होतो, ते लिहायला हरकत नाही.

“काय आहे?” ताईने विचारलं.

मी बघितलंच नव्हतं. सरकत गेलो, शेपटी उचलली. गोऱ्हा.

ताईने काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मला वाटलं, आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही.

“ताई, तो वळू मी तुला न विचारता…”

“मला माहीत आहे तू काय केलंस,” ती म्हणाली. “तू सव्वीसचा होतास आणि बाबा जात होते. एक वर्ष मी तुझ्याशी बोलले नाही. तेवढं बास झालं. दूध काढ, पहिला चीक त्याच्या पोटात तासाभरात गेला पाहिजे.”

चीक काढला. बाटलीने पाजला. अर्धा त्याच्या पोटात, अर्धा माझ्या बाहीत.

डॉक्टर पोचले तेव्हा वासरू चार पाय चार दिशांना टाकून उभं होतं. डॉक्टरांच्या पायात एकच बूट नीट होता, दुसऱ्याची नाडी सुटलेली. ते आत आले आणि वासराकडे न बघता म्हणाले, “तुम्ही ठीक आहात ना?”

मी म्हटलं, हो, थोडी कंबर धरली आहे.

ते बहुधा ताईला विचारत होते.

२२ फेब्रुवारी

गोऱ्हा रोज कान हलवून आम्हाला ओळखतो. बायको आली होती, तिचा रुमाल खाल्ला. नोंदवहीसाठी त्याचे चारही बाजूंनी फोटो काढले. समोरून काढताना मला जमिनीवर झोपावं लागलं, आणि त्याने माझ्या डोक्यावर पाय ठेवला. फोटो चांगला आला आहे.

१ मार्च

ताई म्हणाली, गुरुवारी सकाळी दहाला तालुक्याला चल, नोंदणी कचेरीत तुझी सही लागेल. मी म्हटलं, कागद तयार आहेत. ती म्हणाली, कागद मी बघते. माझा कागदपत्रांवरचा हात तिला माहीत नाही.

६ मार्च

सकाळी गोऱ्ह्याची सगळी फाइल घेतली: फोटो, आईचा क्रमांक, बापाच्या कांडीचा क्रमांक, जन्मवेळ (अंदाजे). बायको शाळेतून रजा काढून आली होती. मला आश्चर्य वाटलं, रुमाल खाऊनही तिला त्याचं इतकं कौतुक. ताईने निळं, ठेवणीतलं काहीतरी घातलं होतं. मी स्वच्छ शर्ट घालावा असं दोघींनी सांगितलं.

कचेरीत डॉक्टर आधीच उभे होते. इस्त्रीचे कपडे, दोन्ही बुटांच्या नाड्या बांधलेल्या. मी म्हटलं, बरं झालं आलात, वळूच्या रक्ताची खात्री द्यायला तुमची सही लागेलच. डॉक्टरांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी ते अवघडलेल्या गायीकडे बघतात, दयेने आणि काळजीने.

खिडकीमागच्या कारकुनाने मला विचारलं, तुम्ही कुणाकडून? मी फाइल पुढे केली आणि म्हणालो, गोऱ्ह्याकडून. त्याने पहिला फोटो बघितला, जो समोरून घेतलेला आहे. मग तो म्हणाला, साहेब, हा विवाह नोंदणीचा कक्ष आहे.

मी मागे वळून बघितलं. बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते.

मग सगळं एकदम डोक्यात शिरलं. तीन आठवडे, बावीस किलोमीटर, रिकामा डबा, खिडकी, कुंपण. सगळी एकाच मार्गावरची गाडी होती आणि मी तिची चोवीस वर्षांची फेरी बंद करायला निघालो होतो. बाकावर बसलो. डॉक्टर शेजारी येऊन बसले आणि खाली बघत हळूच म्हणाले की वीस वर्षांपूर्वी त्यांनी एकदा विचारलं होतं. ताई म्हणाली होती, आधी गोठा मार्गी लागू दे. त्यांना वाटलं होतं, वर्ष-दोन वर्षं लागतील.

मी त्यांचा हात धरला. मग म्हटलं की दवाखान्यात डबा ठेवायची सूचना मी मागे घेतो.

ताईने घाई केली, कारण संध्याकाळच्या धारेआधी परत पोचायचं होतं. त्या दोघांनी सह्या केल्या. मग साक्षीदार. बायकोने आपलं लिहिलं: नाव, वय, व्यवसाय शिक्षिका. मग पेन माझ्याकडे आलं. नाव लिहिलं. वय लिहिलं, एकावन्न. पुढच्या रकान्याशी हात थांबला. ‘निवृत्त’ लिहिणार होतो. मग लिहिलं, ‘गुराखी’.

कारकुनाने कागद ओढून वाचला, माझ्या शर्टाकडे बघितलं, आणि हे नक्की बरोबर आहे का, असं माझ्याऐवजी ताईला विचारलं.

ताईने चष्मा लावला, झुकून तो शब्द वाचला, आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “मारा शिक्का.”